चाळीस नंबरची भिंत

आमच्या संस्थेत कलाकार सोडून सगळं आहे. कलाकारांच्या गरजांचा अभ्यास करणारे आम्ही सात जण आहोत. त्या अभ्यासाचा अभ्यास करायला बाहेरून येणारे दोन सल्लागार आहेत. आलेख काढणारा एक आहे आणि आलेखातले रंग निवडायला आणखी एक बाई आहे. दारावर 'कलाकारांना आधार, कलेला नेतृत्व' अशी पितळी पाटी आहे. एखादा खराखुरा कलाकार चुकून आत आलाच, तर पहारेकरी त्याला विचारतो, कुणाला भेटायचंय? बिचाऱ्याला सांगता येत नाही, कारण त्याला भेटायचं काम आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

मी इथे संशोधन प्रमुख आहे. दोन वर्षांपूर्वी नुसती संशोधक होते. मधे काय झालं ते सांगायला बसले आहे आणि त्यात मी काही चांगली दिसणार नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

झालं असं, की कलाकारांना नेमकं काय हवं असतं यावर मोठा अहवाल करायचं ठरलं. चाळीस कलाकारांच्या सविस्तर मुलाखती. नियम तीन. अहवालात कुणाचं नाव येणार नाही, फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, याची यादी एकाच ठिकाणी राहील आणि अहवाल छापून झाला की ती नष्ट होईल. आणि कुठल्याही संशोधकानं स्वतःच्या नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही. हा तिसरा नियम मी सुचवला होता. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी दिवसभर हवेत होते.

एकोणचाळीस मुलाखती झाल्या. चाळिसावा एक बासरीवाला होता, तो ऐन वेळी आजारी पडला. अहवाल आठ दिवसांत द्यायचा होता आणि मुखपृष्ठावर 'चाळीस कलाकार, चाळीस आवाज' असं आधीच छापून बसलं होतं. दुसरा कलाकार शोधायला पत्र, परवानगी, तारीख असं सगळं करण्यात तीन आठवडे गेले असते. रविवारी सकाळी मी रेकॉर्डर पर्समध्ये टाकला आणि आत्याकडे गेले.

माझी आत्या नाटकांचे पडदे रंगवते. राजवाडा, जंगल, समुद्र, रेल्वे स्टेशन, जे म्हणाल ते. लाकडाच्या वखारीमागे तिनं भाड्यानं घेतलेलं एक जुनं गोदाम होतं. त्याला एक भिंत होती, दोन मजले उंच, मधे ना खिडकी ना खांब. त्या एका भिंतीसाठी तिनं गळकं छत, उंदीर आणि मालकाची कटकट असं सगळं तीस वर्षं सोसलं. पडदा उभा टांगूनच रंगवावा लागतो. जमिनीवर पसरून रंगवला की रंगवणाऱ्याला सगळं जवळून दिसतं, आणि मग तो रंगमंचावर उभा केला की आकाश अंगावर आल्यासारखं वाटतं. हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळा सुटली की माझं घर म्हणजे ते गोदाम.

तिथं माझं काम एकच. दोरी धरायची. पडद्याला हात लावण्याआधी आत्या एका सुती दोरीला निळी पूड चोळायची. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. दोरी पडद्यावर ताणायची, मधोमध चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. फट्. पडद्यावर एक सरळ निळी रेघ उमटायची. ते क्षितिज. त्याच्या वर आकाश, खाली पृथ्वी. बाकी सगळं काम आत्या एकटी करायची, पण दोरीला दुसरं माणूस लागायचंच. म्हणून तिनं माझं नावच 'टोक' ठेवलं होतं. "ए टोक, ये इकडे." माझ्या लग्नातसुद्धा भर मांडवात ती मला टोक म्हणाली होती आणि सासरचे बघतच राहिले होते.

नऊ वर्षांची असताना एकदा नाक खाजलं म्हणून माझा हात हलला. आत्यानं विचारलं, "हललीस का?" मी म्हणाले, नाही. त्या रेघेवर तिनं पाच दिवस खपून समुद्र रंगवला. पहिल्या प्रयोगाला पडदा वर गेला आणि समुद्र एका बाजूला कललेला. लोक हसले. खलनायक बोटीतून आला तेव्हा तर फारच हसले. आत्या मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दोरी परत मारता येते गं. रंग चढला की काही करता येत नाही. पुढच्या वेळी लगेच सांग."

तर त्या रविवारी मी तिच्यासमोर रेकॉर्डर ठेवला. तिला गंमत वाटली. "मी काय सांगू तुला? तुला सगळं ठाऊकच आहे की." मी म्हटलं, तू आपली अनोळखी असल्यासारखी बोल. तिनं केस सारखे केले, रेकॉर्डरला केस दिसत नाहीत हे तिला सांगूनही केले, आणि बोलली. तासभर बोलली. शेवटी मी छापील प्रश्न विचारला, तुमच्या कामासाठी तुम्हाला सर्वांत जास्त गरज कशाची आहे?

ती म्हणाली, "मला एक उंच भिंत द्या आणि तिथल्या दाराची किल्ली माझ्याकडे राहू द्या. कधीही यावं, कधीही जावं, कुणाला विचारायला लागू नये. बाकी मी बघते."

आत्याचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं. कुणाला काही कळण्याची शक्यता नव्हती. मी तिला चाळीस क्रमांक दिला.

अहवाल लिहिताना वाक्य लांब झालं. 'जागा' असा रकाना होता, पण किल्लीसाठी रकाना नव्हता. मी ते सुबक केलं. 'मला फक्त एक उंच भिंत द्या. बाकी मी बघते.' छान वाटलं. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.

त्या वाक्यानं सगळ्यांना वेड लावलं. आमच्या संचालिका मॅडम ते भाषणात म्हणू लागल्या. देणगीदारांच्या सभेत एका गृहस्थांनी म्हणे चष्मा काढून डोळे पुसले. देणग्या आल्या आणि संस्थेनं एक मोठी जुनी इमारत घेऊन ती कलाकारांसाठी दुरुस्त करायला काढली. पाच कलाकारांना वर्षभर हक्काची जागा मिळणार होती. त्यातलं एक दालन दोन मजले उंच, एक अख्खी भिंत मोकळी ठेवून बांधलेलं. वास्तुरचनाकारानं नकाशावर त्या भिंतीला नावच दिलं, 'चाळीस नंबरची भिंत'. मला बढती मिळाली. यादी मी स्वतः कागद कापायच्या यंत्रात घातली, दोन साक्षीदारांसमोर, नियमाप्रमाणे.

त्याच सुमारास आत्याच्या मालकानं गोदाम विकलं. तिला तीन महिन्यांची मुदत दिली. तिच्याकडे एका मोठ्या नाटकाचं काम होतं, सहा पडदे, गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात मोठं. ती भिंत शोधत शहरभर फिरली. सगळीकडे छतं बुटकी. पडदे जमिनीवर रंगवायचे म्हटलं तर तिचे गुडघे गेलेले. शेवटी कुणीतरी तिला आमच्या संस्थेच्या जागांबद्दल सांगितलं. मी नाही सांगितलं. मला भीती वाटत होती.

तिनं अर्ज भरला आणि मला फोन केला. "अगं टोक, तुझ्याच हापिसात अर्ज टाकलाय. आता तू उगाच माझ्यासाठी शब्द टाकू नकोस हां. लोक तुला बोलतील. माझं काम बघून देतील ते."

"हो," म्हणाले मी.

निवड समितीत तीन जण होतो. मॅडम, मी, आणि एक सल्लागार. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मुद्दा असा आहे' अशी करतात, म्हणून आम्ही त्यांना आपापसात मुद्देकाका म्हणतो. अर्ज एकशे बारा. गुणपत्रिका मुद्देकाकांनीच बनवलेली, तिच्यात कामाला वीस गुण आणि नेतृत्वाला चाळीस. का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. ते म्हणाले, "मुद्दा असा आहे, की कलाकाराला आधार दिला तर एक कलाकार उभा राहतो. नेत्याला आधार दिला तर क्षेत्र उभं राहतं." मॅडमनी ते लिहून घेतलं.

आत्याचा अर्ज दुपारच्या चहानंतर निघाला. निळ्या शाईतलं तिचं टपोरं अक्षर. मुद्देकाका मोठ्यानं वाचू लागले. "प्रश्न नऊ. आपण आजवर किती जणांच्या चमूचे नेतृत्व केले आहे, थोडक्यात लिहा. उत्तर: एक. दोरीचं दुसरं टोक धरायला." ते थांबले. "प्रश्न दहा. येत्या पाच वर्षांत आपण स्वतःला कुठे पाहता? उत्तर: भिंतीसमोर."

मॅडम हसल्या. मुद्देकाका हसले. मीही हसले. मुद्दाम लिहून ठेवते, मीही हसले.

"गोड आहेत बाई," मॅडम म्हणाल्या.

"मुद्दा असा आहे, की गोड आहेत, पण नेतृत्व कुठे आहे?" त्यांनी चाळीसपैकी तीन गुण लिहिले. मी चार लिहिले. जास्त दिले तर डोळ्यांवर येईल, असा हिशोब केला.

चार जागा पटापट वाटल्या गेल्या. त्यातल्या एका गृहस्थांच्या नावावर आधीच तीन संस्था होत्या. चमूचा आराखडा त्यांनी रंगीत छापून जोडला होता, आणि तो चमू नेमकं करतो काय, हे आम्हा तिघांनाही कळलं नाही. त्यांना नेतृत्वात अडतीस मिळाले.

मग मॅडमनी चष्मा काढला. "आता उंच भिंतीचं दालन. ही जागा कुठल्याही अर्जदाराला द्यायची नाही. देणगीदारांचं म्हणणं आहे, ती चाळीस नंबरला द्यायची. जिच्या वाक्यावर हे सगळं उभं राहिलं, तिला. गुण नाहीत, मुलाखत नाही. थेट. फक्त ती कोण ते सापडायला हवं." त्या माझ्याकडे वळल्या. "यादी गेली, माहितीये मला. पण मुलाखत तूच घेतली होतीस ना गं? तुला आठवत असेल."

आत्याचा अर्ज माझ्या डाव्या हाताशी, नाकारलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होता. नुसतं बोट ठेवायचं होतं. ही. हीच ती.

आणि मग काय झालं असतं? मॅडम आनंदल्या असत्या. दोन दिवसांनी कुणीतरी विचारलं असतं, तुला इतकं नक्की कसं आठवलं? तुमची ओळख कशी? ती माझी आत्या, हे कळायला एक फोन पुरला असता. तिसरा नियम माझा. तो मीच मोडलेला. मग चाळीसच्या चाळीस मुलाखतींवर संशय, अहवाल मागे घ्यायचा, देणगीदारांचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर, आणि माझी खुर्ची गेलेली. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात मी या सगळ्याचा विचार करून टाकला. माझं डोकं चांगलं चालतं. त्याचंच तर मी खाते.

"नाही आठवत, मॅडम," मी म्हणाले. "आणि आठवत असतं तरी सांगता आलं नसतं. आपण शब्द दिला होता त्यांना."

मुद्देकाकांनी चक्क टेबल वाजवलं. मॅडम म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात सचोटी. अशी माणसं हवीत नेतृत्वाला." आणि चाळीस नंबर सापडत नाही म्हटल्यावर त्या दालनाचं नेतृत्व प्रशिक्षण सभागृह करायचं ठरलं. साठ खुर्च्या, एक पडदा. पांढरा, यंत्रानं वर-खाली होणारा.

आत्याला नकाराचं पत्र गेलं. त्याचा मसुदाही माझाच. 'आपल्या कार्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे' वगैरे. मी भेटायला गेले तेव्हा गोदाम निम्मं रिकामं झालं होतं. सहा पडद्यांचं काम तिनं परत केलं होतं. ती डबे पुसत बसली होती.

"नापास झाले की गं मी," ती म्हणाली. "कशात, ते काही त्यांनी लिहिलं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातात असतं तर तू दिलीच असतीस, मला ठाऊक आहे." आणि तिनं मला ब्रशांचा एक जुडगा बांधायला दिला. मी बांधला.

उद्घाटनाला चार दिवस राहिले. उंच भिंतीवर ते वाक्य मोठ्या अक्षरांत लावायचं होतं. छापील अक्षरं दोनदा चिकटवून झाली, दोन्ही वेळा रात्रीतून गळून पडली. वास्तुरचनाकारानं हौसेनं भिंत खडबडीत ठेवली होती, तिच्यावर काही चिकटेना. कंत्राटदार म्हणाला, हातानं रंगवून घेऊ, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, हल्ली पाट्या करतात.

दुसऱ्या दिवशी मी सभागृहात गेले. भिंतीला बांबूची परांची बांधली होती आणि तिच्यावर आत्या उभी होती. साडीचा पदर खोचलेला, कानामागे पेन्सिल. पंधरा पायऱ्या ती त्या गुडघ्यांनी कशी चढली असेल, कोण जाणे. ती भिंतीवरून हात फिरवत होती. वर बघत होती, खाली बघत होती. इतकी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

"ए टोक! काय भिंत आहे गं! ये वर, बरं झालं आलीस. दोरी धर."

माझे पाय आपोआप चढले. तिनं माझ्या हातात टोक दिलं. बोटांना निळी पूड लागली. आम्ही पहिल्या ओळीची दोरी मारली. फट्.

"हललीस का?"

"नाही."

दुसऱ्या ओळीसाठी दोरी ताणून धरली. मग आत्यानं कंत्राटदारानं दिलेला कागद खिळ्यावरून काढून पहिल्यांदा नीट वाचला. ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला.

"अगं, हे मी बोलले होते ना? त्या रविवारी?" तिनं हळू विचारलं. "पण यात किल्ली कुठाय? आणि हे 'फक्त' कुणी घातलं? मी नाही गं फक्त म्हणाले."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालून मॅडमचा आवाज आला. फुलांच्या सजावटीचं माप घ्यायला त्या दोन माणसांना घेऊन आल्या होत्या. "वा, रेघ काय सुरेख आलीय! बाई, तुम्ही काय लिहिताय ठाऊक आहे का? ते आमच्या चाळीस नंबरचं वाक्य आहे. ही सगळी इमारत त्या एका वाक्यावर उभी आहे. हे दालन तर तिलाच द्यायचं होतं आम्हाला, काही न विचारता. इतकं शोधलं तिला! पण मुलाखत घेणारीलाच नाव आठवेना." त्या हसल्या. "तीच बघा, तुमच्या शेजारी उभी आहे."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. दोरी आमच्या दोघींमधे ताणलेली होती, तिच्यातून तिला माझा हात हललेला नक्की कळला. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. मी नऊ वर्षांची असताना पहिल्या प्रयोगाला तिनं त्या कललेल्या समुद्राकडे पाहिलं होतं, तशी माझ्याकडे बघत राहिली.

"तू वर कशाला चढलीस गं?" मॅडमनी मला विचारलं. "ओळखता का तुम्ही एकमेकींना?"

आत्तासुद्धा सांगता आलं असतं. दोरी परत मारता आली असती.

"नाही हो," आत्याच खाली बघून म्हणाली. "दोरी धरायला माणूस नव्हतं. म्हणून बोलावलं या बाईंना."

मॅडम माप घ्यायला पलीकडे गेल्या. आत्यानं दोरी चिमटीत धरून ओढली आणि सोडली. रेघ सरळ उमटली. मग तिनं आपल्याकडचं टोक गुंडाळायला घेतलं.

"सोडा आता, मॅडम," ती मला म्हणाली. "हात निळे होतील तुमचे."